पारदर्शक कृमीचा फोटो काढायचा तर

सूक्ष्मदर्शक घेताना पहिला प्रश्न ठरलेला: किती पट मोठं दिसतं? खोक्यावर ‘२००० पट’ छापलं की गिऱ्हाईक खूश. सूत्रकृमींच्या (नेमाटोड, म्हणजे धाग्यासारख्या बारीक कृमींच्या) टिकवलेल्या स्लाइड्सचे फोटो काढायचा नाद लागला की या आकड्यातला फोलपणा लगेच उघडा पडतो. कृमी भिंगाखाली असतो, हवा तेवढा मोठाही असतो, आणि तरी धड दिसत नाही. कारण तो पारदर्शक असतो.

मातीतले बहुतेक सूत्रकृमी मिलिमीटरभर किंवा त्याहून लहान, जाडीला २०-५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). स्लाइडसाठी त्यांना उष्णतेने मारतात. तेव्हा काही जाती सरळ होतात, तर हेलिकोटायलेंकससारख्या गुंडाळी करतात. ओळख पटवायला याचाही उपयोग होतो. मग फॉर्मॅलिन, आणि त्यानंतर अल्कोहोल-ग्लिसरीनचं मिश्रण. त्यातलं अल्कोहोल अगदी सावकाश उडू द्यायचं. घाई केली तर कृमी वाळल्या शेंगेसारखा चपटतो.

ग्लिसरीनचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाशाला वळवण्याच्या क्षमतेचं माप, सुमारे १.४७. बोरोसिलिकेट काचेचाही जवळजवळ तेवढाच, म्हणून त्या काचेची कांडी ग्लिसरीनमध्ये बुडवली की बुडालेला भाग गायब होतो. सीमेवर प्रकाशाला वळायचं कारणच उरत नाही. कृमीचं थोडंफार तसंच आहे: आत ग्लिसरीन, बाहेर ग्लिसरीन, आणि उतींचा अपवर्तनांक किंचित वेगळा. उतींतून गेलेली प्रकाशलहर जराशी मागे पडते, पण तिची तीव्रता घटत नाही. डोळ्याला आणि कॅमेऱ्याला कळते ती फक्त तीव्रता.

यावर नवख्यांचा हमखास उपाय म्हणजे कंडेन्सरचा (स्लाइडखालून प्रकाश एकवटणाऱ्या भिंगाचा) डायफ्रॅम, म्हणजे त्याची झडप, आवळणं. कडा ठसठशीत होतात खऱ्या, पण बारकावे जातात. दोन ठिपके वेगळे दिसण्यासाठी लागणारं किमान अंतर साधारणपणे असं काढतात: तरंगलांबी भागिले ऑब्जेक्टिव्ह (स्लाइडजवळचं भिंग) आणि कंडेन्सर यांच्या एन.ए.ची (न्यूमरिकल अपर्चरची) बेरीज. भिंग किती रुंद शंकूतला प्रकाश हाताळू शकतं, त्याचं माप म्हणजे एन.ए. नेहमीच्या ४०-एक्स ऑब्जेक्टिव्हचा एन.ए. ०.६५ असतो. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी ०.५५ मायक्रॉन धरू. कंडेन्सर ०.६५ वर उघडा असेल तर अंतर येतं ०.४२ मायक्रॉन; ०.१ पर्यंत आवळला तर ०.७३. एकदा मिसळलेले ठिपके २००० पट मोठे केले तरी सुटे होत नाहीत.

त्यापेक्षा तिरपा प्रकाश वापरावा. काळ्या कागदाने कंडेन्सरची एक बाजू झाका आणि दुसऱ्या बाजूच्या कडेचाच प्रकाश येऊ द्या. हे किरण ऑब्जेक्टिव्हच्या तोंडात कसेबसे शिरत असतात. कृमीच्या एका कडेला ते आत वळतात आणि भिंगात येतात. समोरच्या कडेला बाहेर वळतात आणि भिंग चुकवतात. एक कड उजळ, दुसरी काळी. लहरीचं मागे पडणं तीव्रतेच्या भाषेत आलं! चहूबाजूंनी सारखा प्रकाश असतो तेव्हा हीच बेरीज-वजाबाकी एकमेकींना खाऊन टाकते. १९५०च्या दशकात जॉर्ज नोमार्स्की यांनी ध्रुवीकृत प्रकाशाच्या दोन किंचित सरकलेल्या शलाका वापरून असाच उठाव मिळवला, तोही पूर्ण उघड्या कंडेन्सरवर. त्या पद्धतीने जॉन सल्स्टन आणि सहकाऱ्यांनी जिवंत सी. एलेगन्स कृमीत एकेका पेशीचं विभाजन नुसतं बघत टिपलं. प्रौढ उभयलिंगी कृमीच्या ९५९ कायिक (प्रजननपेशी सोडून बाकीच्या) पेशींची वंशावळ त्यातून पुरी झाली. सल्स्टन २००२च्या नोबेलचे एक मानकरी.

जाता जाता एक. ‘शरीरातले कृमी बाहेर काढणाऱ्या’ चूर्णांच्या जाहिरातीत जे वळवळते धागे दाखवतात, त्यांची टोकं नीट बघा. सूत्रकृमीला तोंड असतं, त्यामागे स्नायूंची अन्ननलिका, मग सलग आतडं. पिळे पडलेली चपटी पट्टी दिसली, की तो बहुधा कापसाचा तंतू समजावा.

फोटोत आणखी एक मोह असतो स्टॅकिंगचा, म्हणजे वेगवेगळ्या पातळ्यांवर फोकस केलेले फोटो जोडून एकच फोटो करण्याचा. ०.६५ एन.ए.ला फोकसची खोली सव्वा मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे २५ मायक्रॉन जाड कृमीचे वीसेक फोटो एकत्र करावे लागतात. मुंगीच्या डोक्यासाठी ही युक्ती झकास, कारण मुंगी अपारदर्शक. पारदर्शक कृमीत मात्र वरच्या कातडीच्या रेघा, मधलं आतडं आणि खालची अंडी सॉफ्टवेअर एकाच पातळीवर आणून ठेवतं. त्यापेक्षा तीन वेगळे फोटो ठेवावेत: एक कातडीवर, एक अन्ननलिकेच्या मध्यावर, एक अंड्यांवर. फोकसचा स्क्रू मात्र दर वेळी एकाच दिशेने फिरवावा, नाहीतर त्याच्या ढिलाईमुळे पातळ्यांची गल्लत होते.