घड्याळ चुकलं की इंटरनेट रुसतं

शेजारच्या काकांचा डेस्कटॉप रोज सकाळी तोच हट्ट धरायचा. बँकेची वेबसाइट उघडली की लाल खूण आणि 'तुमचे कनेक्शन खाजगी नाही' ही सूचना. मोबाइलवर मात्र त्याच वायफायवर सगळं सुरळीत. दुरुस्तीवाल्याने "व्हायरस असणार, फॉरमॅट मारून देतो" असं फोनवरच सांगून टाकलं होतं. मी आधी पडद्याचा उजवा खालचा कोपरा पाहिला. तिथे २०१५ साल चाललं होतं.

सुरक्षित वेबसाइट स्वतःची ओळख पटवायला एक डिजिटल प्रमाणपत्र दाखवते. ते कधीपासून कधीपर्यंत वैध, हे त्यावरच लिहिलेलं असतं. ब्राउझर ती मुदत आपल्या संगणकाच्या घड्याळाशी ताडून पाहतो. घड्याळ २०१५ म्हणत असेल, तर यंदाचं प्रमाणपत्र त्याच्या लेखी अजून जन्मलेलंच नाही. मग तो दार लावून घेतो, आणि त्यात त्याची काही चूक नाही.

पण घड्याळ मागे गेलं कसं? मदरबोर्डवर, म्हणजे संगणकातल्या मुख्य सर्किटच्या पाटीवर, एक क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. आकडा विचित्र वाटतो, पण तो २ चा १५ वा घात आहे. १५ वेळा निम्मा केला की बरोबर सेकंदाला एक ठोका उरतो. संगणक बंद असताना हे घड्याळ चालतं ते सीआर २०३२ या बटण सेलवर. नावातच माप आहे: व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२. दाब ३ व्होल्ट, क्षमता साधारण २२० मिलिअँपिअर-तास. घड्याळ ५ मायक्रोअँपिअर ओढतं असं धरलं तर ४४,००० तास, म्हणजे पाच वर्षं.

आता आपल्याकडची गंमत. संगणक 'शट डाउन' केला तरी भिंतीवरचं बटण चालू असेल, तर पॉवर सप्लायमधून थोडी वीज मिळत राहते आणि सेलला जवळपास विश्रांती असते. काका रोज रात्री भिंतीवरचं बटण बंद करतात. त्यामुळे रात्रभराचा भार एकट्या सेलवर. दिवसभर घड्याळ ठीक आणि सकाळी पुन्हा जुनी तारीख, याचं कारण तेच.

मात्र घड्याळ चुकलं की लगेच सेलवर खापर फोडू नका. वेळ नेमकी साडेपाच तासांनी चुकत असेल तर सेल निर्दोष आहे. टाइम झोन तपासा. एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स या दोन्ही ऑपरेटिंग सिस्टिम असतील तर हा घोळ हमखास होतो: लिनक्स सहसा मदरबोर्डवरच्या घड्याळात जागतिक वेळ (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) ठेवतो, विंडोज स्थानिक वेळ. दोघं एकमेकांचं घड्याळ फिरवत बसतात. याउलट तारीखच काही वर्षं मागे गेली, किंवा सुरू होताना काळ्या पडद्यावर 'एफ-वन दाबा' असं येऊ लागलं, तर सेल संपत आला समजा.

बदलणं सोपं आहे. प्लग काढा, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा म्हणजे अंगावरची स्थिर वीज निघून जाईल. क्लिप हलकेच सरकवली की जुना सेल उडी मारून वर येतो. नवा बसवताना अधिकची खूण वर. मग बायोसमध्ये (संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये) जाऊन तारीख-वेळ लावा. तिथले बाकीचे बदलही पुसले गेलेले असू शकतात, म्हणून संगणक कोणत्या डिस्कवरून सुरू व्हायचा तो क्रम पाहून घ्या. लॅपटॉपमध्ये सेल कधी वायरीने जोडलेला असतो, कधी वेगळा नसतोच. तिथे जाणत्या माणसाकडे दिलेलं बरं.

काकांचं काम एका बटण सेलवर भागलं. निकामी सेल त्यांनी टेबलावर ठेवला, तो मात्र मी लगेच उचलला. घरात दोन वर्षांची नात आहे. घड्याळासाठी संपलेल्या सेलमध्येही इजा करण्याइतकी वीज उरते. गिळल्यास अन्ननलिकेत अडकून तो दोन तासांतही गंभीर भाजू शकतो. दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून तो मी ई-कचऱ्यात टाकायला घरी आणला.