जुनी म्हणून महाग? वाइनच्या किमतीबद्दल खुलासा

वाइन जितकी जुनी तितकी महाग, हा समज वर्षानुवर्षे पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. बहुतेक वाइन काही वर्षांतच प्यायची असते. नंतर तिची चव उतरते. मुरवण्याचा खर्च असतो, पण तो अडकलेल्या भांडवलाचा आणि जागेचा.

किंमत ठरू लागते मळ्यातच. ७५० मिलिलिटरच्या बाटलीला साधारण १ किलोहून थोडी जास्त द्राक्षं लागतात. वेलीवर मुद्दाम कमी घड राखले, तीव्र उतारावर हातानेच तोडणी केली, की तोच किलो महागतो. वाइन मुरवायचं ओक लाकडाचं २२५ लिटरचं नवं पिंप जेमतेम ३०० बाटल्यांना पुरतं आणि त्यातून वाइनला मिळणारा स्वाद काही वापरांत ओसरतो. स्टीलच्या टाकीला हा खर्च नाही.

मग बाटली, बूच, वाहतूक, कर, वितरक, दुकानदार. स्वस्त बाटलीत बरेचदा आतल्या वाइनपेक्षा यांचाच वाटा मोठा असतो, आणि हे गिऱ्हाइकाला कळायलाच हवं.