युनिट कमी झाले म्हणजे वीज वाचली असं नाही: पॉवर फॅक्टर आणि एनर्जी ऑडिट

'आमच्या बिल्डिंगचं एनर्जी ऑडिट झालंय, महिन्याला तीन हजार युनिट वाचतात.' हे वाक्य ऐकलं की मी अहवाल बघायला मागतो. बहुतेक वेळा पहिल्याच पानावर कॅपॅसिटर बँक (पॉवर फॅक्टर वाढवणाऱ्या कॅपॅसिटरचा संच) असते, दुसऱ्या पानावर तिचं कोटेशन, आणि एसी, पंप, पंखे यांच्याबद्दल शेवटी दोन-चार ओळी: 'अनावश्यक दिवे बंद ठेवावेत.' याला मी एनर्जी ऑडिट म्हणत नाही. तो पॉवर फॅक्टर, म्हणजे तारांतून मागवलेल्या एकूण विजेपैकी खऱ्या कामाला लागणाऱ्या विजेचं प्रमाण, सुधारण्याचा प्रस्ताव आहे. चांगला असेल, करायलाच हवा असेल, पण ती वेगळी गोष्ट आहे.

वीजबिलातल्या सवलती व्यावसायिक ग्राहकाला पाठ असतात, त्यामुळे त्या भराभर सांगतो. बिल ठरलेल्या थोड्या दिवसांत भरलं तर एक टक्का सूट. ठरावीक तासांना वापर वळवला तर टीओडीचा (टाइम ऑफ डे, म्हणजे तासानुसार दराचा) फायदा. काही उच्चदाब वर्गांना लोड फॅक्टर 75 टक्क्यांच्या वर गेला की इन्सेंटिव्ह. आणि पॉवर फॅक्टर. यातली एकही सवलत वीज कमी वापरल्याबद्दल मिळत नाही. लोड फॅक्टरचं तर उलटच आहे: मंजूर मागणीच्या मानाने जितके जास्त युनिट, तितकी जास्त सूट. ही सगळी वितरण कंपनीच्या सोयीची बक्षिसं आहेत. पैसे वेळेवर मिळावेत, भार सपाट राहावा, तारांवर फुकटची गर्दी होऊ नये, यासाठी दिलेली. त्यात गैर काही नाही, फक्त त्यांना 'ऊर्जा बचत' म्हणू नये.

आता गोंधळाचं मूळ. 2020 च्या आधी महावितरणच्या बिलात पॉवर फॅक्टरची वेगळी ओळ असायची. पॉवर फॅक्टर एकला पोहोचला की 7 टक्के सूट मिळे. 2018 च्या आदेशानंतर ती 3.5 टक्के झाली. युनिटचा आकडा वर, सूट खाली. दोन्ही वेगळं दिसत असल्यामुळे हिशेबनिसालाही कळायचं की युनिट तेवढेच आहेत, सवलत मिळाली आहे. मग वीज नियामक आयोगाच्या आदेशाने 1 एप्रिल 2020 पासून सगळे उच्चदाब ग्राहक आणि 20 किलोवॉटच्या वरचे लघुदाब ग्राहक केव्हीएएच बिलिंगवर गेले. पॉवर फॅक्टरची ओळ गेली आणि बिलातलं 'युनिट'च बदललं. आता तुम्ही ज्याचे पैसे भरता ते युनिट केव्हीएएचचं (तारांतून मागवलेल्या एकूण विजेचं) आहे, केडब्ल्यूएचचं (खऱ्या कामाला लागलेल्या विजेचं) नाही. शब्द तोच राहिला, त्याखालचं माप बदललं.

आकड्यांत बघू. एका इमारतीत महिन्याला 20,000 केडब्ल्यूएच खरी वीज लागते. पॉवर फॅक्टर 0.85 असेल तर बिलावर येतील 23,529 केव्हीएएच. कॅपॅसिटर बसवून पॉवर फॅक्टर 0.99 केला तर येतील 20,202. फरक 3,327 'युनिट'. दर दहा रुपये धरला तर महिन्याला तेहतीस हजार. पैसे खरे आहेत, खात्यात राहतात, आणि मी ते नाकारत नाही. पण खरी वीज? आधीही 20,000, नंतरही 20,000. एसी तेवढाच चालला, लिफ्ट तेवढीच, औष्णिक केंद्रात जवळपास तेवढाच कोळसा जळला.

असं का होतं ते समजून घ्यायला मला रंगकाम आठवतं. घर रंगवायला रंग लागतो आणि शिडी लागते. रंग भिंतीवर जातो, संपतो. शिडी वापरून परत करायची असते. मोटर, ट्रान्सफॉर्मर, जुने चोक यांना चुंबकीय क्षेत्र उभं करायला जो प्रवाह लागतो तो या शिडीसारखा: घेतला, परत दिला, पुन्हा घेतला, सेकंदाला शंभर वेळा. शिडी दर वेळी दुसऱ्या गल्लीतून उसनी आणायची तर वाटेतल्या बोळात गर्दी होते, बाकीच्यांना जायला जागा उरत नाही. कॅपॅसिटर म्हणजे आपल्याच दारात ठेवलेली शिडी. बोळ मोकळा झाला, म्हणून बोळाच्या मालकाने तुम्हाला सूट दिली. भिंतीला रंग मात्र पूर्वीइतकाच लागणार.

पुण्यातल्या एका पाच मजली ऑफिस बिल्डिंगच्या पॅनेल रूममध्ये हे समोरासमोर दाखवायची वेळ आली होती. फॅसिलिटीचे साहेब ठाम होते. 'सर, बिलावर दिसतंय ना, युनिट कमी झालेत.' मी वायरमनदादांना क्लॅम्प मीटर लावायला सांगितलं. कॅपॅसिटर बँक चालू असताना मेन इनकमरवर, म्हणजे इमारतीत वीज आणणाऱ्या मुख्य तारेवर, 141 अँपिअर. एएचयूच्या (एसीची हवा फिरवणाऱ्या यंत्राच्या) मोटरकडे जाणाऱ्या फीडरवर 13. मग बँक बंद केली. इनकमर 164 वर गेला. साहेबांचा चेहरा खुलला. मी म्हटलं, आता एएचयू बघा. तिथे अजूनही 13. दादांनी क्लॅम्प काढून पुन्हा लावला, तरी 13. बँक मेन पॅनेलवर होती, त्यामुळे तिच्या अलीकडच्या, म्हणजे कंपनीच्या बाजूच्या तारांमधला प्रवाह कमी झाला होता. पलीकडे, इमारतीच्या आत, कोणत्याही यंत्राला काही फरक पडला नव्हता. मोटरला तेवढीच शक्ती लागत होती, पंखा तेवढीच हवा ढकलत होता.

'पण प्रवाह कमी झाला की केबल कमी तापते, तीही बचतच.' हा आक्षेप बरोबर आहे आणि त्याचं माप घ्यायलाच हवं. समजा इमारतीतल्या केबलमध्ये 2 टक्के वीज वाया जाते, म्हणजे 400 केडब्ल्यूएच. कॅपॅसिटर अगदी भाराजवळ, प्रत्येक मोटरपाशी बसवले तर हा तोटा प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात घटून सुमारे 295 वर येईल. खरी बचत साधारण 105 युनिट. बिलावर दिसतात 3,327. आणि बँक मेन पॅनेलवर असेल, जशी बहुतेक ठिकाणी असते, तर आतल्या केबलमध्ये ते 105 सुद्धा वाचत नाहीत.

या एकाच घोटाळ्यावर बाजारात मोठा धंदा चालतो. प्लगमध्ये खोचायची 'वीज वाचवणारी डबी' घरगुती ग्राहकाला विकतात. घरगुती बिल केडब्ल्यूएचवर असतं. डबीच्या आत एक छोटा कॅपॅसिटर आणि एक दिवा. त्या बिलात कॅपॅसिटरने एक पैसाही कमी होत नाही. दुकानाचा मंजूर भार 20 किलोवॉटच्या आत असेल तर तिथेही नाही. माझ्या ओळखीच्या तीन घरांत ही डबी निघाली. लोकांचे कष्टाचे पैसे असे जातात याचा मला मनापासून राग येतो.

कॅपॅसिटरच्या बाबतीत मोठ्या ग्राहकालाही एक इशारा. महावितरणच्या हिशेबात लॅग (प्रवाह व्होल्टेजच्या मागे पडणं) आणि लीड (पुढे जाणं) दोन्ही मोजले जातात. आजच्या ऑफिसात एलईडी, यूपीएस, कॉम्प्युटर यांचा भार मुळातच वेगळ्या स्वभावाचा असतो, आणि रात्री तर भारच नसतो. फिक्स्ड कॅपॅसिटर रात्रभर चालू राहिले तर पॉवर फॅक्टर लीडिंगला जातो आणि केव्हीएएच वाढतात. म्हणून साधी बँक नको. भार बघून टप्पे आपोआप चालू-बंद करणारं एपीएफसी पॅनेल घ्या, आणि ड्राइव्ह (मोटरचा वेग बदलणारी उपकरणं) किंवा यूपीएस जास्त असतील तर रिॲक्टरसकट (सोबतच्या कॉइलसकट) घ्या, नाहीतर हार्मोनिक्समुळे, म्हणजे प्रवाहाच्या लहरीतल्या बिघाडामुळे, कॅपॅसिटर फुगतात. हे काम देखभालीच्या कंत्राटात बसतं. त्याला एनर्जी ऑडिटचं नाव द्यायची गरज नाही.

एनर्जी ऑडिट म्हणजे काय हे ऊर्जा संवर्धन कायदा, 2001 मध्ये लिहिलेलं आहे: वापराची पडताळणी आणि विश्लेषण, कार्यक्षमता वाढवण्याच्या शिफारसी, त्यांचा खर्च-फायदा, आणि वापर कमी करण्याचा कृती आराखडा. 'वापर' म्हणजे केडब्ल्यूएच. चिलर एक टन थंडाव्यासाठी किती किलोवॉट खातो, पंप आणि पंखे गरजेपेक्षा जोरात फिरतात का, रात्री कोणी नसताना काय चालू असतं, हे मोजायचं. पंख्याचा वेग 80 टक्क्यांवर आणला तर त्याला लागणारी शक्ती जवळपास निम्मी होते. ही खरी बचत, कारण पंखा आता तेवढं कामच करत नाही.

इन्सेंटिव्हही या दोन गोष्टींना वेगवेगळ्या दारातून येतात. पॉवर फॅक्टरचा फायदा थेट बिलात, आपोआप, अर्जाशिवाय. ऑडिटसाठीचं अर्थसाहाय्य महाऊर्जाच्या योजनांतून येतं. महाऊर्जा म्हणजे ऊर्जा संवर्धन कायद्याखाली महाराष्ट्राची नेमलेली संस्था. ऑडिट करणाऱ्या संस्थांची तिची स्वतःची यादी आहे. अर्ज ऑडिट सुरू करण्याआधी करा आणि चालू वर्षाच्या अटी वाचून करा, मागच्या वर्षीच्या परिपत्रकावर विसंबू नका. तिसरं दार वितरण कंपन्यांच्या डीएसएम (ग्राहकाची मागणी कमी करण्याच्या) योजनांचं. राज्य नियामक आयोगाने त्यासंबंधीचे विनियम 2010 मध्ये आणले, आणि मुंबईतल्या कंपन्यांनी जुने पंखे, एसी सवलतीत बदलून देण्याच्या योजना याच चौकटीत राबवल्या. वीज विकणारी कंपनी वीज कमी वापरायला पैसे का देते, असं लोक विचारतात. कारण संध्याकाळच्या कमाल मागणीच्या वेळी महाग वीज विकत घेण्यापेक्षा तुमचा एसी बदलून देणं स्वस्त पडतं.

इलेक्ट्रिकल ऑडिट ही आणखी तिसरी गोष्ट. त्यात अर्थिंग, इन्सुलेशन, सैल जोड, आगीचा धोका बघतात. नावं जवळची आहेत म्हणून एकाच्या जागी दुसरं मागवू नका.

अहवाल हातात आला की मी एकच गोष्ट आधी बघतो: बचतीच्या तक्त्यात 'युनिट' असा मोघम रकाना आहे, की केडब्ल्यूएच, केव्हीएएच आणि रुपये असे तीन. मोघम असेल तर परत पाठवा. आणि पडताळणी बिलावरच करा. उच्चदाब बिलात केडब्ल्यूएचचं वाचन वेगळं छापलेलं असतं. मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तोच आकडा लावून बघा, हवामान आणि माणसांची संख्या साधारण तीच असताना.

त्या पाच मजली इमारतीत मग तळघराचा वायुवीजनाचा पंखा सापडला. सुमारे साडेचार किलोवॉट, रात्रभर चालू, गाड्या नसतानाही. टायमर लावून त्याचे दहा तास कमी केले तेव्हा महिन्याला 1,350 केडब्ल्यूएच गेले. एएचयूला ड्राइव्ह बसवले आणि थर्मोस्टॅट 24 वर आणला तेव्हा आणखी साधारण 1,050. वर्षभराने साहेबांनी बिल पाठवलं: केडब्ल्यूएच 17,600, केव्हीएएच 17,800. या वेळी त्यांनी पेनाने गोल केला होता तो पहिल्या आकड्याभोवती.