कॉलेजात दिव्यांग म्हणून डावललं गेलं तर तक्रार कुठे करायची, आणि ती अडते कुठे

दिव्यांग विद्यार्थ्यांना तक्रारीचे अर्ज लिहायला मी मदत करते. परत आलेले अर्ज पाहिले की तेच दिसतं: अन्याय खरा असतो, पण सोय मागितल्याचा कागद नसतो.

घडतं ते असं. मुलगा जूनमध्ये ऑफिसात जाऊन विचारतो, लेखनिक (सांगितलेली उत्तरं पेपरात लिहून देणारा) मिळेल का? उत्तर येतं, "बघू, परीक्षेला अजून अवकाश आहे." परीक्षा येते, लेखनिक नसतो, नंबर तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद. मग तक्रार होते. कॉलेजची तक्रार समिती पहिलाच प्रश्न विचारते: मागणी कधी केली होती? कॉलेज म्हणतं, आमच्याकडे अर्जच नाही. प्रकरण तिथेच संपतं.

म्हणून तक्रारीच्या आधी मागणीचा अर्ज. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 नुसार वाजवी सोय, म्हणजे दिव्यांगत्वामुळे लागणारी रास्त मदत किंवा बदल, नाकारणं हाच भेदभाव आहे. नाकारली हे दाखवायचं तर आधी मागितल्याचा पुरावा हवा. अर्जाच्या दोन प्रती न्या. स्वतःच्या प्रतीवर शिक्का, सही, आवक क्रमांक आणि तारीख घ्या. चारही. एका मुलीच्या प्रतीवर गोल शिक्का होता, सहीही होती, पण तारखेची जागा कोरी होती. कॉलेजने सांगितलं, अर्ज पेपर झाल्यावर आला. ती अर्ज देऊन आली होती पेपरच्या महिनाभर आधी. कोणी पोच द्यायला नकार दिला तर वाद घालू नका. त्याच दिवशी तोच अर्ज प्राचार्यांना ईमेल करा, आणि स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपा. तोंडी नकार मिळाला तर घरी येऊन लगेच लिहा: "आज अमुक वाजता आपल्या कार्यालयात मला असं सांगण्यात आलं." पुढे हेच पत्र उपयोगी पडतं.

पात्रतेबाबत सर्वात मोठा गैरसमज 40 टक्क्यांचा. उच्च शिक्षणातलं 5 टक्के आरक्षण आणि वयातली 5 वर्षांची सवलत यासाठी किमान 40 टक्के दिव्यांगत्व लागतं. भेदभावाविरुद्ध दाद मागायला ही अट नाही. लेखनिकालाही नाही, सर्वोच्च न्यायालयाने 11 फेब्रुवारी 2021 च्या निकालात हे स्पष्ट केलं. त्यानंतर 10 ऑगस्ट 2022 ला केंद्राने 40 टक्क्यांपेक्षा कमी दिव्यांगत्व असलेल्यांसाठी वेगळ्या मार्गदर्शक सूचना काढल्या. तरीही 35 टक्केवाल्या मुलांना खिडकीवरूनच परत पाठवलं जातं. असं झालं तर नकार लेखी मागा.

कागदपत्रांत ओळखपत्र, प्रवेशाची पावती, युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) किंवा दिव्यांगत्वाचा दाखला हे बहुतेकांकडे असतं. नसतं ते लिहिण्यातली अडचण सांगणारं प्रमाणपत्र. अंध, दोन्ही हातांना बाधा असलेल्या आणि सेरेब्रल पाल्सीच्या विद्यार्थ्यांना लेखनिक नुसत्या मागणीवर मिळायला हवा. बाकीच्यांनी दिव्यांगत्वाच्या दाखल्याबरोबर जिल्हा शल्यचिकित्सकांचं किंवा सरकारी रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांचं, लिहिण्यास शारीरिक मर्यादा आहे असं प्रमाणपत्र जोडायचं. 40 टक्क्यांखालच्यांसाठी ते वैद्यकीय समितीकडून, ठरलेल्या नमुन्यात लागतं. खासगी डॉक्टरांची चिठ्ठी चालत नाही. सिव्हिलला फेऱ्या माराव्या लागतात, त्यामुळे परीक्षा जाहीर होण्याची वाट पाहू नका. अध्ययन अक्षमता असेल तर शाळेत असताना मिळालेला दाखला काढून त्यावर मुदत लिहिली आहे का ते आजच बघा.

तक्रार पहिल्यांदा जाते कॉलेजच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2023 च्या विनियमांत दिव्यांग विद्यार्थ्याशी झालेला भेदभाव तक्रारीचा विषय म्हणून नमूद आहे. ऑनलाइन भरा, क्रमांक टिपून ठेवा, स्क्रीनशॉट घ्या. पुष्कळ जण रागाच्या भरात थेट विद्यापीठाच्या लोकपालांकडे जातात आणि अर्ज परत येतो, कारण लोकपाल अपील ऐकतात. समितीची पायरी आधी.

मुदतीत इथे मुलं हमखास फसतात. समितीला मिळतात 15 *कामकाजाचे* दिवस. त्याआधी कॉलेजला तक्रार अभिप्रायासह समितीकडे पाठवायला 15 दिवस असतात. म्हणजे महिना सहज जातो. तुम्हाला अपिलासाठी मात्र निर्णय हातात पडल्यापासून साधे 15 दिवस. रविवार, दिवाळी सगळं त्यात धरलं जातं. समितीचे दिवस आणि आपले दिवस सारखेच समजून उशीर केलेले अर्ज मी पाहिले आहेत. लोकपालांनी अपील 30 दिवसांत निकाली काढायचं असतं.

पेपर आठवड्यावर असेल तर या पायऱ्यांच्या भरवशावर बसू नका. तक्रार भराच, पण त्याच दिवशी प्राचार्यांना आणि विद्यापीठाच्या परीक्षा व मूल्यमापन मंडळाच्या संचालकांना तातडीचं पत्र द्या.

तक्रारीत "मला न्याय मिळावा" एवढंच लिहू नका. काय हवं ते लिहा: दर तासाला किमान 20 मिनिटं जादा वेळ, तळमजल्यावर बैठक, मोठ्या अक्षरांतली प्रश्नपत्रिका. केवळ पुनर्मूल्यांकनाचा अर्ज लोकपाल घेत नाहीत. भेदभावाचा ठोस प्रसंग दाखवला तर घेतात. म्हणून "गुण कमी पडले" असं लिहिण्याऐवजी कोणत्या पेपरला, किती वाजता, कोणी, काय नाकारलं ते लिहा. सुनावणीला तुम्ही प्रतिनिधी नेऊ शकता. सांकेतिक भाषेचा दुभाषी हवा असेल तर आधी लेखी मागा, आणि सुनावणीची खोली कोणत्या मजल्यावर आहे तेही विचारा. व्हीलचेअरवरच्या मुलाची सुनावणी जिना चढून ठेवणं हा त्याचा दुसऱ्यांदा केलेला अपमान आहे, आणि हे घडतं.

दुसरा मार्ग पुण्यातल्या राज्य दिव्यांग आयुक्तांचा. केंद्रीय संस्था असेल तर दिल्लीचे मुख्य आयुक्त. समिती गप्पच बसली तर माझा सल्ला हाच असतो. साक्षीदार बोलावणं, कागद मागवणं याबाबत आयुक्तांना दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. निर्णय मात्र शिफारशीच्या स्वरूपात येतो. संस्थेने काय केलं ते 3 महिन्यांत कळवायचं असतं, शिफारस मानली नाही तर कारणं तुम्हालाही द्यायची असतात. ती कारणं आली नाहीत तर दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम 81 चा (मुख्य आयुक्तांकडचं प्रकरण असेल तर कलम 76 चा) उल्लेख करून स्मरणपत्र पाठवा.

त्यापुढे उच्च न्यायालय. वकिलाच्या खर्चाने थांबू नका: विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 12 नुसार दिव्यांग व्यक्तीला मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. तिथे जाताना तारीख असलेली ती शिक्क्याची प्रत सोबत न्या.