हैतीची क्रांती व प्रारंभिक राज्यव्यवस्था (१७९१–१८२६)

कॅरिबियन समुद्रातील हिस्पॅनिओला बेटाच्या पश्चिम भागात सँ-दोमँग ही फ्रेंच वसाहत होती. गुलामांच्या उठावातून ती स्वतंत्र झाली आणि १ जानेवारी १८०४ रोजी हैती हे राज्य अस्तित्वात आले. गुलामांनी शस्त्र हाती घेऊन गुलामगिरी मोडून काढली व स्वतःचे राज्य उभारले, असे इतिहासातील हे एकमेव सर्वमान्य उदाहरण होय.

रिझ्विकच्या तहाने (१६९७) हा भाग फ्रान्सकडे आला. साखर व कॉफी यांमुळे ती फ्रान्सची सर्वांत श्रीमंत वसाहत ठरली. १७८९ च्या सुमारास तेथे अंदाजे ५ लाख गुलाम होते. गोरे ३० ते ४० हजार आणि मुक्त मिश्रवर्णीय व कृष्णवर्णीय सुमारे २८ हजार. तोडलेला ऊस लवकर गाळावा लागत असल्याने हंगामात चरक रात्रंदिवस चालत. मृत्यूचे प्रमाण जन्मांपेक्षा अधिक असल्याने दरवर्षी आफ्रिकेतून नवी माणसे आणली जात. त्यामुळे बहुसंख्य गुलाम आफ्रिकेत जन्मलेले होते. मुक्त मिश्रवर्णीयांना नागरी हक्क मिळावेत म्हणून व्हँसाँ ओझे याने १७९० मध्ये बंड केले. फेब्रुवारी १७९१ मध्ये त्याला चाकावर हाल करून ठार मारण्यात आले.

उत्तर मैदानातील उठाव २२ ऑगस्ट १७९१ च्या रात्री पेटला. तत्पूर्वी ब्वा काइमाँ या रानात झालेला धार्मिक विधी व शपथ यांविषयी मतभेद आहेत. हैतीच्या राष्ट्रीय परंपरेत याची तिथी १४ ऑगस्ट असून पुरोहित म्हणून दुती बुकमन व सेसील फातिमाँ यांची नावे घेतली जातात. या विधीचा सर्वांत जुना वृत्तांत दाल्मास या फ्रेंच वैद्याचा आहे. तो १७९३-९४ च्या सुमारास लिहिला गेल्याचे सांगितले जाते, पण प्रसिद्ध झाला १८१४ मध्ये. त्यात काळ्या डुकराचा बळी आहे, फातिमाँचा उल्लेख नाही. वादळी रात्र व शपथेची प्रार्थना हैतीचे लेखक एरार द्यूमेल यांच्या १८२४ च्या लेखनात ठळकपणे येतात. अभ्यासक लेओं-फ्रांस्वा हॉफमन यांनी हा विधी मळेवाल्यांच्या बाजूने रचलेली कथा असल्याचे मत मांडले. इतिहासकार डेव्हिड गेगस यांच्या मते घटना दोन होत्या : १४ ऑगस्टला, रविवारी, लनॉर्मां द मेझी मळ्यावर मुकादम, गाडीवान अशा प्रमुख गुलामांची बैठक झाली, आणि सुमारे आठवडाभराने रानातील विधी. उपलब्ध साधनांशी हेच मत अधिक जुळते. शिवाय उठावामागील पद्धतशीर आखणीही त्यातून स्पष्ट होते. केवळ आवेशाने काही दिवसांत शेकडो मळे पेटले नसते.

स्पेन व ब्रिटन यांच्याशी चाललेल्या युद्धाच्या दडपणाखाली फ्रेंच कमिशनर सोंतोनाक्स याने २९ ऑगस्ट १७९३ रोजी उत्तर प्रांतातील गुलामगिरी रद्द केली. ४ फेब्रुवारी १७९४ रोजी पॅरिसच्या कन्व्हेन्शनने (क्रांतिकालीन फ्रेंच विधिमंडळाने) हा निर्णय सर्व वसाहतींना लागू केला. त्याच वर्षी कृष्णवर्णीय सेनानी तूसाँ लूव्हर्त्यूर (सु. १७४३–१८०३) स्पॅनिश बाजू सोडून फ्रेंचांकडे आला व काही वर्षांत वसाहतीचा सर्वेसर्वा झाला. तो उठावाच्या वेळी गुलाम होता ही जुनी समजूत १९७० च्या दशकात प्रकाशात आलेल्या कागदपत्रांनी खोडून काढली. १७७६ पर्यंत तो मुक्त झालेला होता आणि त्याने स्वतःही गुलाम बाळगले होते.

सैन्यासाठी निर्यातीचा पैसा हवा, म्हणून तूसाँने मळे मोडले नाहीत. उत्पन्नाचा चौथा हिस्सा देऊन मजुरांना मळ्याशी बांधले आणि ऑक्टोबर १८०० च्या आदेशाने त्यांच्यावर लष्करी शिस्त लादली. मजुरांना मात्र स्वतःची जमीन हवी होती. १८०१ मध्ये उत्तरेत बंड झाले व त्याबद्दल तूसाँने आपला पुतण्या मोईझ याला गोळ्या घातल्या. याच वर्षीच्या घटनेने तो तहहयात गव्हर्नर बनला.

नेपोलियनने सेनापती लक्लेर याच्या हाताखाली पाठविलेले मोठे सैन्य १८०२ मध्ये येऊन पोहोचले. तूसाँला कपटाने पकडून फ्रान्समध्ये नेले. ७ एप्रिल १८०३ रोजी तो फोर द झू किल्ल्यात मरण पावला. ग्वादलूप या दुसऱ्या फ्रेंच वसाहतीत गुलामगिरी परत येत असल्याची बातमी पोहोचताच फ्रेंचांच्या बाजूने लढणारे कृष्णवर्णीय व मिश्रवर्णीय सेनानी त्यांच्यावर उलटले. पिवळ्या तापाने फ्रेंच सैन्य खंगले, खुद्द लक्लेर दगावला. १८ नोव्हेंबर १८०३ च्या व्हेर्त्येर येथील लढाईत अशा सेनानींपैकी एक असलेल्या झां-झाक देसालीनने निर्णायक विजय मिळविला.

स्वातंत्र्याची घोषणा गोनाईव्ह येथे झाली. तिची शासकीय छापील प्रत २०१० मध्ये लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात सापडली. पुढील काही महिन्यांत देसालीनच्या हुकमाने काही हजार फ्रेंच रहिवाशांची कत्तल झाली. तो सम्राटही झाला. १८०५ च्या घटनेने गुलामगिरी कायमची रद्द केली, गोऱ्यांना जमीनमालकी नाकारली (पोलिश व जर्मन नागरिक अपवाद) आणि सर्व हैतीवासी ‘काळे’ म्हणून ओळखले जातील असे ठरविले. जमिनीच्या हक्कांची तपासणी सुरू होताच सरदार बिथरले. १७ ऑक्टोबर १८०६ रोजी पों-रूझ येथे त्याचा खून झाला.

त्यानंतर देश दुभंगला. उत्तरेत आंरी क्रिस्तोफने १८११ मध्ये राजपद घेतले, सक्तीची मळेशेती चालू ठेवली व लाफेर्येरचा प्रचंड किल्ला पुरा केला. दक्षिणेच्या प्रजासत्ताकात आलेक्सांद्र पेत्यों याने १८०९ पासून सैनिकांना जमिनी वाटल्या. १८१६ मध्ये त्याने दक्षिण अमेरिकेतील स्वातंत्र्यलढ्याचा नेता सिमोन बोलिव्हार याला शस्त्रे दिली, ती तिकडील गुलाम मुक्त करण्याच्या अटीवर. क्रिस्तोफच्या आत्महत्येनंतर (१८२०) पेत्योंचा उत्तराधिकारी झां-प्येर ब्वाये याने देश एक केला आणि १८२२ मध्ये बेटाचा पूर्व भागही घेतला.

फ्रान्सने स्वातंत्र्य मान्य केले ते १८२५ मध्ये, युद्धनौका बंदरात उभ्या करून आणि १५ कोटी फ्रँक भरपाई मागून. पहिल्या हप्त्यासाठी फ्रेंच सावकारांकडून ३ कोटींचे कर्ज घ्यावे लागले, हाती आले २ कोटी ४० लाख. बळी पडलेल्यांनीच मालकांना भरपाई द्यावी, हा अन्याय उघड आहे. १८३८ मध्ये उरलेली रक्कम ६ कोटींवर आणली गेली. पैसा उभा करण्यासाठी ब्वायेने १८२६ च्या ग्रामीण संहितेद्वारे शेतमजुरांना पुन्हा मळ्यांशी बांधू पाहिले. परंतु तोवर लोक डोंगरउतारांवर आपापल्या तुकड्यांत कंदमुळे, केळी व थोडी कॉफी लावून स्थिरावले होते, आणि त्यांना तेथून हलविण्याचे बळ राज्याकडे नव्हते.