कंबोडियातला संहार: वंशसंहार कुठला आणि मानवतेविरुद्धचा गुन्हा कुठला?

कंबोडियाची राजधानी नॉम पेन्हमधल्या तुओल स्लेंग या जुन्या शाळेत आज संग्रहालय आहे आणि त्याच्या नावातच 'वंशसंहार' आहे. ख्मेर रूज या कम्युनिस्ट राजवटीच्या काळात इथे एस-२१ हा छळतुरुंग होता. बारा हजारांहून जास्त माणसं इथे आणली गेली, छळ करून त्यांच्याकडून कबुलीजबाब लिहून घेतले गेले आणि मग त्यांना मारून टाकलं गेलं. वाचले ते बोटांवर मोजण्याइतके. या तुरुंगाचा प्रमुख काइंग गुएक इआव ऊर्फ दुच हा एकेकाळचा गणिताचा शिक्षक. संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने उभ्या राहिलेल्या विशेष न्यायालयाने २०१० मध्ये त्याला दोषी ठरवलं, पण वंशसंहारासाठी नव्हे. तो आरोपच त्याच्यावर ठेवलेला नव्हता. शिक्षा झाली ती मानवतेविरुद्धचे गुन्हे आणि युद्धगुन्हे यांसाठी.

हे वाचून पुष्कळांना वाटतं की न्यायालयाने हात आखडता घेतला. तसं झालेलं नाही. हे दोन गुन्हे एकमेकांच्या वरखाली नाहीत, ते वेगवेगळे प्रश्न विचारतात. मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यात विचारलं जातं की नागरिकांवर व्यापक किंवा पद्धतशीर हल्ला झाला का, आणि समोरचा खून, छळ, गुलामी किंवा उपासमार त्या हल्ल्याचा भाग होती का. मेलेला माणूस कोणत्या धर्माचा, कोणत्या वंशाचा, हे तिथे सिद्ध करावं लागत नाही. वंशसंहारात मात्र आधी समूह दाखवावा लागतो. तोही चारच प्रकारचा: राष्ट्रीय, वांशिक, वर्णीय किंवा धार्मिक. मग हे दाखवावं लागतं की मारणाऱ्याला तो समूहच, पूर्ण किंवा अंशतः, नाहीसा करायचा होता. मेलेल्यांच्या आकड्यावरून यातला फरक ठरत नाही, आणि सगळ्यात जास्त गैरसमज इथेच होतो.

कंबोडिया या फरकासाठी फार कठीण आणि म्हणूनच फार बोलकं उदाहरण आहे, कारण तिथे एकाच राजवटीने, एकाच यंत्रणेने, जवळजवळ त्याच जागी दोन्ही गुन्हे केले.

१७ एप्रिल १९७५ रोजी ख्मेर रूजचे सैनिक नॉम पेन्हमध्ये शिरले. युद्धातून पळून आलेल्यांमुळे शहराची लोकसंख्या वीस लाखांच्या आसपास गेली होती. काही दिवसांत ते अख्खं रिकामं केलं गेलं. अमेरिकन विमानं बाँब टाकणार आहेत, दोन-तीन दिवसांत परत याल, असं सांगण्यात आलं. रुग्णालयंही सोडली नाहीत. शस्त्रक्रिया झालेल्यांना नातेवाईक खाटांसकट ढकलत एप्रिलच्या उन्हात रस्त्याने नेत होते. त्या दिवसापासून शहरातून आलेल्यांची ओळख 'नवे लोक' किंवा '१७ एप्रिलचे लोक' अशी झाली आणि आधीपासून ख्मेर रूजच्या ताब्यातल्या गावांतले शेतकरी 'मूळ लोक' ठरले. कोणाला किती खायला मिळेल, कोणावर संशय घेतला जाईल, हे बऱ्याच अंशी त्यावर ठरू लागलं.

पैसा बंद, बाजार बंद, शाळा बंद, भिक्खूंची चीवरं उतरवलेली. सगळी माणसं सहकारी वसाहतींत आणि धरणं-कालव्यांच्या कामावर. हुकूम यायचे ते 'अंगकार'च्या, म्हणजे संघटनेच्या नावाने. ही संघटना म्हणजे कम्युनिस्ट पक्ष, हे तिचा प्रमुख नेता पॉल पॉट याने उघडपणे सांगितलं ते थेट सप्टेंबर १९७७ मध्ये. अडीच वर्षं लोक कोणाच्या हुकमावरून मरत होते, हे त्यांना माहीतही नव्हतं. पक्षाच्या चार वर्षांच्या योजनेने हेक्टरी तीन टन भाताचं उद्दिष्ट ठरवलं. ते गाठणं शक्य नव्हतं, पण तसं म्हणणारा शत्रू ठरत होता. मग खालचे कार्यकर्ते पीक फुगवून कळवायचे, त्या आकड्यानुसार भात वर जायचा आणि पिकवणाऱ्यांच्या वाट्याला पातळ पेज उरायची. शेताच्या बांधावरचा खेकडा किंवा झाडाचं फळ स्वतःसाठी घेणं हीसुद्धा चोरी होती. नव्या लोकांना ऐकवलं जाणारं एक वाक्य वाचलेल्यांपैकी कितीतरी जणांनी सांगितलं आहे: तुम्हाला ठेवून फायदा नाही, गमावून तोटा नाही.

न्यायालयासमोर आलेल्या लोकसंख्या-तज्ज्ञांच्या अंदाजानुसार सुमारे ऐंशी लाखांच्या या देशात तीन वर्षं आठ महिन्यांत १७ ते २२ लाख माणसं मेली. त्यातली साधारण ८ लाख मारली गेली. बाकीची भूक, आजार आणि अतिश्रम यांनी गेली. मेलेल्यांत बहुसंख्य ख्मेरच, म्हणजे कंबोडियातल्या मुख्य वंशाचेच होते. मारणारेही ख्मेर. शिक्षक, जुन्या सरकारचे सैनिक आणि अधिकारी, 'नवे लोक', आणि पुढे खुद्द पक्षाचेच कार्यकर्ते. एस-२१ मधले कितीतरी कैदी हे असे आपलेच होते. राजवट त्यांना वर्गशत्रू किंवा गद्दार म्हणून मारत होती. ख्मेर वंश संपवायचा म्हणून नव्हे. म्हणून कायद्याच्या पट्टीवर हा सारा संहार मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांत बसतो. जबरदस्तीने लावलेली लग्नंही त्यातच, आणि त्राम कोक जिल्ह्यातल्या वसाहतींमध्ये बौद्धांचा झालेला छळही त्यातच.

आता त्याच राजवटीचं दुसरं काम पाहा. मेकाँगच्या काठाला राहणारे चाम हे मुसलमान. १९७५ मध्ये त्यांची कुराणं गोळा झाली, नमाज बंद झाली, बायकांचे केस कापले गेले, डुकराचं मांस खाण्याची सक्ती झाली, चाम भाषा बोलण्यावर बंदी आली. कोह फाल आणि स्वाय ख्लेआंग या गावांनी उठाव केला. तो चिरडला गेला आणि चामांना पांगवून ख्मेर गावांमध्ये विखुरलं गेलं. इथवर याला छळ म्हणता येईल. १९७७-७८ मध्ये मात्र गावंच्या गावं उचलली जाऊ लागली. त्रेआ गावात पकडून आणलेल्या स्त्रियांना एक प्रश्न विचारला गेला: चाम की ख्मेर? 'चाम' म्हणणाऱ्या मारल्या गेल्या. ज्यांनी ख्मेर असल्याचं सांगितलं आणि ते खपलं, त्यांतल्या काही जगल्या आणि जवळजवळ चाळीस वर्षांनी न्यायालयात साक्ष द्यायला आल्या.

त्या प्रश्नात सगळा फरक आहे. तिथे कोणी विचारलं नाही की तुझा नवरा जुन्या सैन्यात होता का, तू शहरातून आलीस का, तू अंगकारविरुद्ध बोललीस का.

व्हिएतनामी वंशाच्या लोकांचं तर आणखी उघड होतं. १९७५ मध्ये बहुतेकांना सीमेपार हाकललं गेलं. जे थोडे उरले, ते १९७७ नंतर शोधून शोधून मारले गेले. मिश्र घरांसाठी नियम होता: नवरा व्हिएतनामी आणि बायको ख्मेर असेल तर नवऱ्याला न्यायचं, बायको व्हिएतनामी असेल तर तिला आणि मुलांनाही, कारण वंश आईकडून येतो असं धरलं होतं. नवरा मागे राही. कुटुंबातून कोणाला उचलायचं हे जिथे असं ठरतं, तिथे समूह नाहीसा करण्याच्या हेतूसाठी वेगळा पुरावा शोधत बसावं लागत नाही.

मधली जागाही आहे, आणि ती मला सर्वांत अस्वस्थ करते. १९७८ मध्ये व्हिएतनामच्या सीमेलगतच्या पूर्व विभागातले ख्मेर 'अंगाने ख्मेर, डोक्याने व्हिएतनामी' ठरवले गेले. त्यांना पश्चिमेकडे नेताना निळ्या चौकटीचे क्रोमा, म्हणजे पंचे, दिले गेले आणि त्या पंच्यांवरून त्यांना ओळखून मारलं गेलं. राजवटीने स्वतःच एक समूह बनवला, त्याला खूण दिली आणि तो संपवला. पण तो चार प्रकारांपैकी एकातही बसत नाही.

ते चारच का, याचं उत्तर राजकारणात आहे. डिसेंबर १९४६ मध्ये क्यूबा, पनामा आणि भारत यांच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत वंशसंहाराविषयी जो ठराव झाला, त्यात राजकीय समूहांचाही उल्लेख होता. ९ डिसेंबर १९४८ चा वंशसंहारविरोधी करार होईपर्यंत तो गळाला. सोव्हिएत संघ आणि इतर काही देशांना तो नको होता. माझ्या मते ती वगळणूक चूक होती, आणि तिची सगळ्यात मोठी किंमत पुढे कंबोडियाच्या मृतांनी मोजली.

त्याच विशेष न्यायालयाच्या १६ नोव्हेंबर २०१८ च्या निकालात पॉल पॉटचा उजवा हात नुओन चिया याला व्हिएतनामी आणि चाम अशा दोघांच्याही वंशसंहारासाठी दोषी ठरवलं गेलं. त्या राजवटीचा राष्ट्रप्रमुख खिएउ सांफान याला फक्त व्हिएतनामींच्या. चामांबाबत त्याचा स्वतःचा हेतू पुराव्याने उभा राहिला नाही. दोघांनाही जन्मठेप झाली, आणि २०१४ मध्ये मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी त्यांना मिळालेली शिक्षाही जन्मठेपच होती. नुओन चिया अपील चालू असताना वारला. खिएउ सांफानची शिक्षा सप्टेंबर २०२२ मध्ये कायम झाली. पॉल पॉट १९९८ मध्येच, या न्यायालयासमोर कधीही उभा न राहता मेला.

शिक्षेत फरक नसला तरी व्यवहारात आहे. वंशसंहाराचा करार असल्यामुळे एक देश दुसऱ्याला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचू शकतो. गांबियाने रोहिंग्यांसाठी २०१९ मध्ये म्यानमारला तसं खेचलं. मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी असा स्वतंत्र करार अजून नाही. तो करण्यासाठी २०२८ आणि २०२९ मध्ये परिषद भरवायचं आमसभेने डिसेंबर २०२४ मध्ये ठरवलं आहे.