धन्यांचे सुगंधरसायन

कोथिंबिरीच्या (शास्त्रीय नाव : कोरिअँड्रम सॅटिव्हम, कुल : एपिएसी) पक्व, वाळलेल्या फळांना धने म्हणतात. व्यवहारात त्यांना बी म्हटले जात असले, तरी प्रत्येक दाणा म्हणजे दोन अर्धफळे जोडून झालेले फळ असते. धन्यांचा वास मुख्यतः लिनॅलूल या द्रव्याचा. रशियातला धना घ्या नाहीतर राजस्थानातला, तेलात सर्वांत जास्त असते ते लिनॅलूलच. वेगळे असते ते दाण्यातल्या तेलाचे प्रमाण आणि लिनॅलूलच्या जोडीला असलेल्या द्रव्यांचा मेळ. बाजारात धन्याचा भाव रंग आणि टपोरेपणा पाहून ठरतो. वासाची हमी मात्र या दोहोंपैकी कशानेच मिळत नाही, आणि आकाराचे नाते तर बहुधा उलटेच निघते.

दाण्याची रचना : धना बोटांत रगडला की त्याच्या दोन डाळी होतात. कोथिंबीर पेरताना शेतकरी धने असेच फोडून घेतात. प्रत्येक डाळीत एक बी असल्याने एका दाण्यातून दोन रोपे मिळतात. फुटलेली डाळ भिंगाखाली धरली, तर तिची आतली बाजू खोलगट दिसते आणि त्या बाजूवर दोन तपकिरी रेषा आढळतात. या तैलनलिका होत. पक्व धन्यातले सुगंधी तेल यांच्यातच साठलेले असते. बियांच्या गरात वेगळे, न उडणारे स्निग्ध तेल असते. त्यातील पेट्रोसेलिनिक अम्ल उद्योगाच्या दृष्टीने मोलाचे असले, तरी वासाशी त्याचा संबंध नाही. मुखवासातली धनाडाळ वासाला सौम्य लागते ती यामुळेच : तैलनलिकांसह टरफल निघून जाते आणि उरतो तो मुख्यतः गर.

कोवळ्या फळाचा वास पक्व फळाहून अगदी निराळा असतो. त्या वेळी फळाच्या बाहेरच्या भिंतीतही तैलनलिका असतात आणि त्यांत २-डेसेनालसारखी आल्डिहाइडे भरलेली असतात. पाल्याचा उग्र वास याच गटातल्या द्रव्यांचा. तो काहींना ढेकणासारखा, काहींना साबणासारखा वाटतो. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात या नावडीचा संबंध ओआर६ए२ या घ्राणग्राहक (वास ओळखणाऱ्या) जनुकाजवळच्या भेदाशी जोडला गेला. नावडीचा थोडाच भाग त्याने उलगडतो. फळ पिकू लागले की बाहेरच्या नलिका चेपून सुकतात, आल्डिहाइडे ओसरतात आणि आतल्या नलिकांतले लिनॅलूल वरचढ होते. म्हणून एकाच झाडाची कोथिंबीर न आवडणारा माणूस धने-जिरे पूड मात्र निवांत खातो.

तेलाचे घटक : लिनॅलूल हे दहा कार्बन अणूंचे मोनोटर्पीन अल्कोहोल आहे. युरोपीय औषधकोशाप्रमाणे (औषधी द्रव्यांच्या दर्जाचे अधिकृत निकष देणारा ग्रंथ) धन्याच्या तेलात ते ६५ ते ७८ टक्के असावे लागते. उरलेल्या भागात अल्फा-पायनीन, गॅमा-टर्पिनीन, लिमोनीन, पॅरा-सायमीन, कापूर, जिरॅनिऑल आणि जिरॅनिल अ‍ॅसिटेट ही द्रव्ये येतात. प्रमाणात ती दुय्यम. पण एका प्रदेशाचा धना लिंबाच्या अंगाचा का वाटतो आणि दुसऱ्याचा राळेसारखा वा कापरासारखा का, याचे उत्तर त्यांच्याच कमीजास्तपणात आहे. पायनीन राळेकडे नेते, कापूर थंडावा देतो, जिरॅनिल अ‍ॅसिटेट गुलाबाची छटा आणते. जिन या मद्यासाठी धने निवडणारे उत्पादक भारतीय धने लिंबासारखे आणि पूर्व युरोपातले अधिक मसालेदार मानतात.

लिनॅलूलचे रेणू डाव्या-उजव्या हातांसारखे, एकमेकांचे आरसाबिंब असलेल्या दोन रूपांत असतात. धन्यात मुख्यतः दक्षिणवर्ती (एस) रूप असते, तर लॅव्हेंडरमध्ये वामवर्ती (आर) रूप. पहिले गोडसर, संत्र्याच्या अंगाचे. दुसऱ्याचा वास लाकडी छटेचा, आणि ते फार कमी मात्रेतही नाकाला जाणवते. कारखान्यात बनवलेल्या नेहमीच्या लिनॅलूलमध्ये दोन्ही रूपे समसमान असतात. धन्याच्या तेलात स्वस्त कृत्रिम लिनॅलूल मिसळले, तर ही समता भेसळ उघडी पाडते.

प्रदेश आणि जाती : धन्याचे ढोबळमानाने दोन प्रकार केले जातात. बारीक दाण्याचा (मायक्रोकार्पम) सुमारे १.५ ते ३ मिमी व्यासाचा असून त्यात ०.८ ते १.८ टक्के तेल असते. याची लागवड रशिया, युक्रेन, पूर्व व मध्य युरोप अशा समशीतोष्ण पट्ट्यात होते. मोठ्या दाण्याचा (व्हल्गेअर) ३ ते ५ मिमीचा, तेल जेमतेम ०.१ ते ०.३५ टक्के, मोरोक्को आणि भारत ही त्याची मुख्य ठिकाणे. भारतीय दाणा बहुधा लांबट, अंडाकृती असतो. औषधकोशाला एक किलो धन्यात किमान ३ मिलि तेल अपेक्षित आहे. आपल्याकडचा पुष्कळसा माल या कसोटीला उतरत नाही. तो मसाल्यासाठी पिकवला जातो, ऊर्ध्वपातनाने तेल काढण्यासाठी नव्हे, हेही लक्षात घ्यायला हवे.

रशियात वोरोनेझ भागात १८३० च्या सुमारास धन्याची व्यापारी लागवड सुरू झाली, ती मुळात तेलासाठी. सोव्हिएत काळात या तेलातले लिनॅलूल वेगळे करून त्यापासून सिट्रल आणि पुढे आयोनोन ही अत्तरद्रव्ये बनवली जात. अधिक तेलाचे वाण निवडण्यावर तिथे पिढ्यान्‌पिढ्या भर राहिला. भारतात निवड झाली ती उत्पन्न, दाण्याचा आकार आणि रोगप्रतिकार यांसाठी.

हवामानाचा वाटा वेगळा मोजणे सोपे नाही, कारण प्रदेश बदलला की सहसा वाणही बदलतो. तरी सर्वसाधारण कल स्पष्ट आहे : तेलातल्या घटकांचा मेळ मुख्यतः वाण ठरवतो आणि तेल किती साठेल यावर हवेचा मोठा परिणाम होतो. दाणा भरताना हवा थंड व ओलसर राहिली, पक्वता रेंगाळली, तर तेल वाढते. भारतात धने हे रब्बी पीक. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरणी, फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी. नेमक्या शेवटच्या आठवड्यांत ऊन तापू लागते आणि दाणा घाईने पिकतो.

बाजार : राजस्थानातील रामगंज मंडी (जि. कोटा), मध्य प्रदेशातील कुंभराज (जि. गुना) आणि गुजरातमधील गोंडल (जि. राजकोट) या धन्याच्या मोठ्या बाजारपेठा. बदामी, ईगल, स्कूटर, पॅरट ही तिथली प्रतवारीची नावे. पॅरट म्हणजे पोपटी. हिरवा रंग टिकावा म्हणून पीक थोडे आधी काढून सावलीत वाळवले जाते, आणि या रंगाला चढा भाव मिळतो. सुगंधाच्या दृष्टीने हा सौदा तितकासा सरळ नाही. सावलीत वाळवल्याने तेल कमी उडते हे खरे. पण काढणी फारच लवकर झाली, तर आल्डिहाइडांची हिरवी झाक मागे राहते. झाडावर पुरता पिवळा-तपकिरी झालेला दाणा दिसायला गरीब, वासाला गोड.

राजस्थानातील कोट्याभोवतीच्या हाडोती भागात आणि शेजारच्या मध्य प्रदेशात या पिकाला लौंगिया रोग (कारक बुरशी : प्रोटोमायसीस मॅक्रोस्पोरस) सतावतो. खोडावर गाठी येतात आणि दाणे लवंगेसारखे लांबट, विद्रूप होतात. असा माल प्रतवारीत बाद होतो. अजमेर येथील राष्ट्रीय बियाणे मसाले संशोधन केंद्राने (स्थापना २०००) या रोगाला दाद न देणारा अजमेर कोरिअँडर-१ हा वाण दिला आहे.

महाराष्ट्रात हे पीक प्रामुख्याने पाल्यासाठी घेतात. गोडा मसाला, मालवणी मसाला किंवा घाटी मसाला यांत धने भरपूर लागतात, पण ते बहुतांशी वर उल्लेखलेल्या तीन राज्यांतून येतात. उन्हाळ्यात वर्षाचा मसाला करायला धने घेताना टपोरे दाणे निवडण्याकडे कल असतो. बारीक दाणा हातावर चोळून हुंगला, तर निवड कदाचित बदलेल.

भाजणे व साठवण : धने भाजताना पायनीनसारखी हलकी द्रव्ये आधी उडतात, लिनॅलूलचाही काही भाग जातो आणि साखर व अमिनो अम्ले यांच्या अभिक्रियेतून पायराझिने तयार होतात. भाजल्याचा खमंगपणा त्यांचा. ज्या धन्यात मुळातच तेल कमी, त्याला भाजणीचा आधार जास्त लागतो. पूड केल्यावर तैलनलिका फुटतात, तेल उडू लागते आणि हवेशी संयोग होऊन लिनॅलूलची हायड्रोपेरॉक्साइडे बनतात. ही द्रव्ये काहींच्या त्वचेला अ‍ॅलर्जी आणतात, त्यामुळे सौंदर्यप्रसाधनांत त्यांच्याकडे लक्ष दिले जाते. अख्खा धना हवाबंद डब्यात, उन्हापासून दूर ठेवल्यास वास पुष्कळ काळ टिकतो. पूड लागेल तेवढीच करावी.